नाल तीन महिने हलत नाही, हीच तर गडबड आहे

प्रश्न थोडक्यात असा. सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली मारवाडी घोडी, वय सहा, निफाडकडं शेतावर ठेवलीये. रोज सकाळी पाऊण तास रपेट, त्यातला निम्मा रस्ता डांबरी. नालबंद गावातलाच, मूळचा बैलांना पत्र्या मारणारा, नाल पडली की फोन करायचा आणि तो येतो. काम एकदम पक्कं, नाल तीन-तीन महिने हलत नाही. पण दोन महिन्यांपासून घोडी पुढच्या पायांनी ठेचकाळतेय, उताराला जास्त. डॉक्टरांनी पाय तपासले, सूज नाही, कुठं दुखत नाही, म्हणाले खुरांकडं बघा. तर नालबंद बदलायचा का, आणि चांगला नालबंद ओळखायचा कसा?

आधी माझ्याबद्दल एवढंच की मी डॉक्टर नाही आणि नालबंदही नाही. बावीस वर्षं पुण्याजवळ घोडे सांभाळतोय, रायडिंग शिकवतो, आत्ता अकरा जनावरं आहेत. एवढ्या वर्षांत सात-आठ नालबंदांबरोबर काम केलं, त्यातले दोन खरंच चांगले, बाकीचे बरे, आणि एक-दोन असे की अजून आठवलं तरी वाईट वाटतं. पण खरं सांगू का, त्या वाईटातला अर्धा वाटा माझाच होता. तुमच्या प्रश्नातही मला नालबंदाच्या आधी तुम्हीच दिसताय, राग मानू नका.

नाल पडली की फोन करायचा, हीच चूक आहे. नाल पडणं ही तारीख नाहीये, नाल पडणं हा अपघात आहे. तारीख आपण ठरवायची असते, आणि ती पाच आठवडे, फार तर सहा. घोड्याचं खूर महिन्याला साधारण 8 ते 10 मिलिमीटर वाढतं. म्हणजे तीन महिन्यांत जवळपास अडीच सेंटिमीटर, बोटाच्या पेरापेक्षा जास्त. आता ही वाढ सरळ खाली होत नाही, खूर पुढं तिरकं असतं ना, तर वाढ पण खाली आणि पुढं अशी होते, आणि त्यावर ठोकलेली नाल खुराबरोबर पुढं सरकत जाते. मागची टाच मात्र आधाराशिवाय मागंच राहते. त्यात अजून एक गंमत, पुढच्या भागात खिळे असतात त्यामुळं तिथलं खूर नालेखाली अजिबात झिजत नाही, पण टाच प्रत्येक पावलाला थोडी पसरते आणि आकसते, लोखंडावर घासते आणि झिजते. म्हणजे पुढून लांब होत चाललंय आणि मागून बसत चाललंय, दोन्ही एकदम. मग घोड्याला पाऊल उचलताना त्या लांब चोचीवरून कलंडून जावं लागतं, पाय उशिरा सुटतो, मागच्या शिरेवर, म्हणजे टेंडनवर, ताण येतो, आणि उताराला तर वजन पुढंच असतं, त्यामुळं ठेच. तुमच्या घोडीचं नव्वद टक्के हेच असणार असं मला न बघता वाटतंय, पण बघून खात्री करा, कशी ते पुढं सांगतो.

तर नाल तीन महिने हलत नाही याचा आपल्याकडं जो अभिमान असतो तो सोडा. खिळे पक्के बसलेत एवढंच त्यातून कळतं. पाचव्या-सहाव्या आठवड्याला नाल पक्की असली तरी ती काढायची, खूर कापायचं, आणि नाल झिजली नसेल तर तीच परत ठोकायची. दोन वेळा चालते आरामात, त्यामुळं खर्चही वाटतो तेवढा वाढत नाही.

बैलाच्या पत्रीवाल्याबद्दल. हे लोक हुशार असतात, हात तयार असतो, खिळा कुठं जातोय हे आवाजावरून कळतं त्यांना. पण बैलाचं खूर दुभंगलेलं, प्रत्येक पायाला दोन वेगळ्या पत्र्या, बैल दोरखंडानं आडवा पाडून पाय बांधून काम, आणि ऊस वाहायच्या हंगामात दिवसाला किती बैल करायचे याची घाई. घोड्याला हे सगळं उलटं आहे. घोडं उभं राहिलं पाहिजे, चारी पायांवर वजन कसं पडतंय ते बघून मग कापायचं असतं, आडवं पाडून खुराचा तोल कसा कळणार? तुमचा माणूस जर घोडीला पाडून नाल मारत असेल तर ते आजच बंद करा, उभी राहत नसेल तर तो वेगळा विषय आहे आणि ते काम तुमचं आहे, त्याचं नाही.

आता खूर बघायला शिका, कारण बघता आलं नाही तर चांगला-वाईट नालबंद ओळखणार कसा. घोडी सपाट फरशीवर किंवा घट्ट मुरमावर सरळ उभी करा. बाजूला जमिनीला टेकून बसा, डोळे खुराच्या पातळीला. खुराच्या वरचा जो तिरका भाग, ज्याला पॅस्टर्न म्हणतात, त्याची पुढची रेघ आणि खुराची पुढची रेघ एकाच सरळ तिरक्या रेषेत यायला हवी. खुराची रेघ जास्त आडवी पडलेली असेल, म्हणजे मध्येच मोडल्यासारखी दिसत असेल, तर पुढून लांब आणि टाच बसलेली. समोरून बघा, आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारख्या उंचीची आहे का. मग कुणाला तरी घोडी सरळ तुमच्याकडं चालवत आणायला सांगा, खूर सपाट पडतंय का आधी एक कड टेकते आणि मग दुसरी. मोबाइलवर स्लो मोशन काढा, डोळ्याला जे दिसत नाही ते तिथं दिसतं.

मग पाय उचलून तळवा बघा. मध्ये ती मऊ त्रिकोणी गादी, इंग्रजीत फ्रॉग, बरेच नालबंद पुतळी म्हणतात. ती रुंद, भरलेली, रबरासारखी पाहिजे. आपल्याकडं बऱ्याच जणांना ती कापून कोरून एकदम टोकदार, स्वच्छ करायची हौस असते, मालकालाही ते बघून बरं वाटतं. ते चूक आहे. पुतळी आणि तिच्या वरची गादी झटका खाते, पाऊल पडल्यावर खूर पसरायला मदत करते. लोंबणारं, सडलेलं तेवढं काढायचं, बाकी हात लावायचा नाही. तळव्याचंही तसंच, अंगठ्यानं दाबल्यावर तळवा दबत असेल इतका पातळ कोरला असेल तर घोडी खडीवर चालणारच नाही. तळवा आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये एक फिकट पिवळसर रेघ असते, व्हाइट लाइन, ती नालबंदाची लक्ष्मणरेषा आहे. खिळा त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूनं जायला हवा. आत गेला की जिवंत भागात.

नाल ठोकल्यावर बाहेरून खिळ्यांची टोकं वळवून बसवलेली दिसतात. ती साधारण एका ओळीत, खुराच्या उंचीच्या खालून एक तृतीयांशावर असली की ठीक. फार खाली असली तर पकड कमी आणि कड फुटते. खुराच्या सगळ्यात रुंद जागेच्या मागं खिळा नको, कारण टाचेला पसरायला मोकळीक लागते. आणि नाल टाचेच्या शेवटापर्यंत पोचलेली, थोडी मागं आलेली हवी. हे शेवटचं आपल्याकडं सगळ्यात जास्त चुकतं, कारण नालबंदाच्या पिशवीत दोन-तीनच मापं असतात आणि लहान नाल लवकर निघत नाही, मागच्या पायाची टाप त्यावर पडत नाही, म्हणून लहानच ठोकतात.

इथं माझी गोष्ट सांगतो. सुरुवातीला माझ्याकडं दोनच घोडी होत्या, त्यातल्या एकीला आलेल्या नालबंदानं एक माप लहान नाल लावली आणि मग खूर पुढून कानशीनं घासून नालेच्या मापाचं करून टाकलं. दिसायला इतकं छान, बुटासारखं गोल, की मी खूश होऊन त्याला वर पैसे दिले. नाल खुराला बसवायची असते, खूर नालेला नाही, हे तेव्हा मला कोण सांगणार. असं चार-पाच वेळा झालं. टाचा आत आवळत गेल्या, पुतळी सुकून बारीक झाली, घोडी छोटी पावलं टाकायला लागली आणि मी म्हणत राहिलो की आळशी झालीये. ते खूर पुन्हा रुंद व्हायला वर्ष गेलं. वर्ष का, तर वरच्या केसाळ कडेपासून पुढच्या टोकापर्यंत नवीन खूर यायला 9 ते 12 महिने लागतात, मध्ये कुठलाही शॉर्टकट नाही. म्हणून तुम्हालाही आधीच सांगून ठेवतो, एका फेरीत तुमची घोडी सरळ होणार नाही. चांगला नालबंद सगळी लांबी एकदम कापतही नाही, कारण शिरांना त्या कोनाची सवय झालेली असते. तीन-चार फेऱ्या धरून चाला. ठेचकाळणं मात्र बहुतेक पहिल्याच फेरीनंतर कमी झालेलं दिसेल.

चांगला माणूस मिळणार कुठं, हा खरा अडचणीचा भाग. पुण्या-मुंबईत रेसकोर्स आहे, तिथं नालबंदांचा राबता असतो. रेस पावसाळ्यात पुण्याला असतात आणि हिवाळा-उन्हाळ्यात मुंबईत महालक्ष्मीला, त्याप्रमाणं ही मंडळीही फिरतात, त्यामुळं कोण कधी कुठं आहे ते विचारून तारखा जुळवता येतात. त्यांचा हात सफाईदार, पण एक लक्षात ठेवा, रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमच्या हलक्या प्लेट्स असतात, तीन-चार आठवड्यांत बदलतात, त्यामुळं डांबरी रस्त्यावर चालणाऱ्या घोडीला काय लागतं हे त्यांना मुद्दाम सांगावं लागतं. दुसरं म्हणजे आर्मीतून रिटायर झालेले. आर्मीच्या रिमाउंट ॲन्ड व्हेटर्नरी कोअरचं सेंटर मीरतला आहे, तिथं नालबंदीचं रीतसर शिक्षण मिळतं. असा माणूस मिळाला तर सोडू नका, थोडे कडक असतात, घोडं अस्वच्छ असेल तर तुम्हालाच झापतात, पण काम पद्धतशीर. तिसरं, जवळपासचे रायडिंग क्लब, पोलिसांचे घोडे, स्टड फार्म, यांच्याकडं कोण येतं ते विचारा. तुमच्यासारखे आजूबाजूला चार-पाच घोडेवाले असतील तर एकत्र या, एका दिवसात दहा घोडी होणार असतील तर माणूस दीडशे किलोमीटरवरून पण येतो, एका घोडीसाठी कोण येणार हो.

आणि हे काहीच जमलं नाही तर तुमचा तो पत्रीवालाच घ्या आणि त्याला तयार करा. हसू नका, माझे आत्ताचे जे चाचा आहेत ते मूळचे बैलांचेच. पंधरा वर्षांपूर्वी आले तेव्हा घोड्याचा मागचा पाय उचलताना ते आणि घोडा दोघंही घाबरलेले. मी एका रिटायर्ड फौजी नालबंदाला चार दिवस तबेल्यावर ठेवून घेतलं आणि चाचांना त्यांच्याबरोबर काम करायला लावलं, चाचांचा त्या दिवसांचा रोज मी दिला. आज त्यांच्याइतका सरळ तोल काढणारा माणूस मला रेसकोर्सवरही कमीच दिसतो. ज्याच्या हातात कसब आहे आणि ज्याला विचारलेलं चालतं, तो शिकतो. शिकत नाही तो, ज्याला प्रश्नाचा राग येतो.

नवीन माणूस पहिल्यांदा आला की मी एकच बघतो. तो आल्या-आल्या पाय उचलतो, का आधी घोडं चालवून बघायला सांगतो. जो आधी दोन मिनिटं नुसता बघतो, मागून, समोरून, जुनी नाल काढल्यावर ती उलटी करून कुठं झिजली ते बघतो, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. कापल्यावर पाय खाली ठेवून परत लांबून बघतो का, हेही. मग औजारं बघा. चाकूला धार आहे का, कानस बोथट झालीये का. बोथट कानशीनं घोड्याचा पाय दुप्पट वेळ वर धरावा लागतो आणि मग घोडं ओढाओढ करतं, मग मार खातं. घोड्याला मारणारा, नाकाच्या ओठाला फास लावल्याशिवाय कामालाच न लागणारा, कितीही सफाईचा असो, दुसऱ्यांदा बोलावू नका. फास कधी लागतोच, नाही म्हणत नाही, पण तो शेवटचा उपाय.

खिळा आत लागणं यावर थोडं बोलायलाच हवं. चांगल्यातल्या चांगल्या नालबंदाकडून होतं हे, घोडं ऐन वेळी पाय ओढतं आणि खिळा वाकडा जातो. फरक पुढं काय करतो त्यात आहे. एकदा संध्याकाळी नाल मारून गेलेल्या माणसाला मी सकाळी फोन केला की घोडा लंगडतोय, तर तो दुपारी दोन बस बदलून आला, प्रत्येक खिळ्यावर हळू ठोकून बघितलं, दुखरा खिळा शोधून काढला, भोकात आयोडीन सोडलं, आणि म्हणाला माझाच लागला. त्याच्याआधीचा एक होता तो फोनच उचलायचा नाही, किंवा म्हणायचा घोडा नाटकी आहे. असं झालं की धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. घोड्याइतकं धनुर्वाताला नाजूक जनावर क्वचितच असेल, खुरातली बारीकशी जखमही पुरते. दरवर्षीची लस चालू असेल तरी डॉक्टरांना सांगा, ते बूस्टर देतील. तुमच्या घोडीला बाजारातून आणल्यापासून ही लस दिलीय का? नसेल तर नालेच्या आधी ते करा.

तसंच कधी एखाद्या सकाळी घोडी अचानक तीन पायांवर उभी दिसेल, पाय टेकतच नाहीये. माणूस घाबरतो, वाटतं हाड मोडलं. बऱ्याचदा खुरात पू झालेला असतो, पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर जास्तच. डॉक्टर चिमट्यासारख्या हूफ टेस्टरनं दाबून जागा शोधतात, छोटं तोंड करून पू काढतात, मग गरम पाण्यात एप्सम सॉल्ट टाकून पाय शेकायचा आणि पट्टी बांधून कोरडा ठेवायचा. दोन दिवसांत घोडी चालते. पण हे कोरायचं काम स्वतः करू नका, आणि नालबंदालाही एकट्याला करू देऊ नका, मोठं भोक पाडून ठेवलं की महिनाभर बसून राहाल.

आणि एक गोष्ट आहे जी नालबंदाची नाहीच, डॉक्टरांची आहे, आणि ती ओळखायला उशीर झाला तर घोडी हातची जाते. घोडी पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभी आहे, वळताना कण्हते, दोन्ही खुरं गरम, आणि फेटलॉकच्या, म्हणजे पॅस्टर्नच्या वरच्या सांध्याच्या, मागं बोट ठेवलं तर नाडी ठणठण लागतेय. हे लॅमिनायटिस. खुराच्या भिंतीला आतलं हाड ज्या नाजूक पडद्यांनी लटकलेलं असतं ते सुजतात आणि सुटायला लागतात. आपल्याकडं कारण बहुतेक वेळा ठाणबंद उभं घोडं आणि समोर हरभरा, बाजरी, वर गूळ, लाडानं. लग्नात नाचवायच्या गुटगुटीत घोड्यांमध्ये मी हे फार बघितलंय. डॉक्टर येईपर्यंत पाय बर्फाच्या पाण्यात, दाणा बंद, चालवायचं अजिबात नाही. नंतर एक्स-रे काढून डॉक्टर आणि नालबंद दोघांनी एकत्र ठरवायचं की पुढून किती मागं घ्यायचं आणि आधार कुठं द्यायचा. दोघं वेगवेगळ्या दिवशी येऊन एकमेकांना नावं ठेवतात ना, ते मी चालू देत नाही, एक्स-रेचा फोटो चाचांच्या फोनवर जातो आणि दोघं माझ्यासमोर बोलतात.

आता तुमचं काम. घोडीचे चारी पाय रोज उचला, सकाळी आणि रपेटीनंतर, हुकानं माती काढा, पुतळीच्या बाजूच्या खाचांमध्ये. हे खुरासाठी आहेच, पण त्याहून जास्त तिला सवय लागावी म्हणून आहे. पाय धरून हातोडीनं नालेवर हलकं टकटक करा, एक मिनिट, दोन मिनिटं. नालबंद घोडी शिकवायला येत नाही, त्याची कंबर आणि त्याचे दात रोज पणाला लागलेले असतात. ज्या दिवशी तो येणार त्या दिवशी पाय कोरडे आणि स्वच्छ, धुऊन ओले नव्हे. सावली, सपाट जमीन, माश्या हाकलायला एक जण, आणि घोडी धरायला असा माणूस ज्याचं लक्ष मोबाइलवर नाही. खुंट्याला घट्ट बांधून ठेवू नका, घाबरली तर झटापट करेल. पोरंसोरं, कुत्री लांब. आणि मध्येच घोडीसमोर दाण्याची बादली नेऊन ठेवू नका, आमच्याकडं एका नव्या मोतद्दारानं हे केलं होतं, चाचा तिच्या पोटाखाली होते तेव्हा.

बोलायचं कसं, हेही महत्त्वाचं आहे. नेटवर दोन व्हिडिओ बघून त्यांना कोन शिकवायला जाऊ नका. मी असं विचारतो की चाचा, डावी टाच थोडी जास्त बसल्यासारखी वाटते का हो तुम्हाला? मग ते बघतात आणि बहुतेक वेळा स्वतःच चार गोष्टी सांगतात. दर फेरीला नाल काढल्यावर आणि काम झाल्यावर चार फोटो काढा, बाजूनं, समोरून, मागून, तळवा, कॅमेरा जमिनीला टेकवून. वहीत तारीख. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवून दोघं बघा, वाद घालायची गरजच पडत नाही.

पैशाचं म्हणाल तर नुसतं खूर कापून गेला, नाल नाही मारली, तरी पूर्ण मेहनताना द्या. आपल्याकडं लोक लोखंडाचे पैसे देतात आणि कसबाचे द्यायला कां-कू करतात, मग नालबंद गरज नसताना नवी नाल ठोकतो, त्याला तरी काय बोलणार. मराठेशाहीत शिलेदाराला घोडं सज्ज ठेवायला जी आगाऊ रक्कम मिळायची तिला नालबंदीच म्हणायचे. आगाऊ, बरं का. आणि आपण उधारी ठेवतो. मी पुढची तारीख ठरवतानाच जाण्यायेण्याचे पैसे देऊन टाकतो, त्यामुळं माझी तारीख कधी चुकत नाही.

नाल हवीच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत पण विचारायला हवा होता. घोडी फक्त शेतात, मातीवर चालली असती तर मी म्हटलं असतं नाली काढा, पाच-सहा आठवड्यांनी नुसतं कापून कडा गोल करून घ्या. मारवाडी, काठियावाडी, आपली भीमथडी, यांची खुरं मुळात कणखर असतात. पण निम्मा रस्ता डांबरी म्हणजे झीज वाढीपेक्षा जास्त होणार, त्यामुळं निदान पुढच्या दोन पायांना नाल ठेवा. मागचे उघडे ठेवून बघता येईल. फक्त गुळगुळीत लोखंड गुळगुळीत रस्त्यावर सरकतं हे विसरू नका, डांबरावर दुडकी नको, चालच ठेवा.

निफाडची काळी माती पावसाळ्यात खुराला चिकटून बसते आणि उन्हाळ्यात दगड होते, खूर ओलं-सुकं-ओलं होत राहिलं की खिळे सैल पडतात, कडा फुटतात. ठाणाखाली मुरूम टाकून उतार द्या, मूत साचू देऊ नका, शहाबादी फरशी असेल तर वर जाड पेंढा. पुतळीतून काळं, घाण वास मारणारं काही निघालं तर तो थ्रश. खाचा स्वच्छ करून कोरड्या करायच्या आणि पातळ आयोडीन लावायचं, जुने लोक मोरचूद वापरतात, चालतं, पण लाल कच्च्या भागावर मोरचूद नको, भाजतं. आणि गाडीचं जळलं ऑइल खुराला फासणं बंद करा, तुम्ही लावत असालच, निम्मा महाराष्ट्र लावतो. खुराच्या पावडरी फार विकतात, त्यात बायोटिन असतं, रोज 20 मिलिग्रॅमच्या आसपास दिलं तर फरक पडतो, पण तो सहा-नऊ महिन्यांनी दिसतो, कारण औषध नव्यानं येणाऱ्या खुरालाच लागू होतं.

पुढच्या वेळी बाजारात घोडं बघायला जाल तेव्हाही हे कामाला येईल. सारंगखेड्याला, अकलूजला मी बघतो, लोक तासभर भोवरे मोजतात, देवमण आहे का, पंचकल्याणी आहे का, दात बघतात, कान जुळतात का बघतात, आणि पाय मात्र कुणी उचलून बघत नाही. उलट पांढरं खूर कच्चं असतं म्हणून चांगलं घोडं सोडून देतात, रंगाचा आणि ताकदीचा काही संबंध नसतो. शिंगरू घेतलंत किंवा घरी झालं तर दुसऱ्या महिन्यापासूनच नालबंदाला दाखवा. पाय वाकडे पडत असतील तर ते सरळ करायची मुभा फेटलॉकपाशी पहिल्या दोन-तीन महिन्यांतच असते, वर्षानं दाखवून उपयोग नाही.

आता लगेच करायचं ते असं की या आठवड्यात नालबंदाला बोलवा, नाल पडायची वाट न बघता. पुढून लांबी कमी करायला सांगा, शक्य असेल तर नालेचं पुढचं टोक ऐरणीवर थोडं वर वळवून घ्या म्हणजे पाय लवकर सुटेल, आणि नाल टाचेपर्यंत पोचेल असं माप आणायला आधीच सांगून ठेवा. काढलेल्या नाली टाकून देऊ नका, धुऊन उन्हात ठेवा आणि बघा. पुढचं टोक कागदासारखं पातळ झालं असेल तर मी म्हणतोय तेच. एकच बाजू झिजली असेल तर तोल गेलाय, तो फोटो नालबंदाला दाखवा. हे सगळं बघून झाल्यावरच त्या नाली कुणाला द्यायच्या त्या द्या, कारण घोडी कुमेत, म्हणजे तांबूस तपकिरी, असली तरी शनिवारी चार जण काळ्या घोड्याची नाल मागायला दारात येणारच आहेत.